चौसष्टपैकी चौसष्ट

"फॉर्म ना? मी करून देतो की."

हे वाक्य शुद्धिपत्रकाकांच्या तोंडून निघालं आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीतल्या सगळ्यांनी आधी दाराकडे पाहिलं. कोणी नवा माणूस आत आला असावा, असं त्यांना वाटलं. काका बावीस वर्षं या बैठकांना येत होते आणि बावीस वर्षांत त्यांचं सर्वांत लांब भाषण म्हणजे "पंखा जरा कमी करता का?" हे होतं. तेसुद्धा त्यांनी बैठक संपल्यावर केलं होतं.

काका जन्मभर मुद्रितशोधक. छापखान्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढण्यात छत्तीस वर्षं गेली, आणि निवृत्त झाल्यावर चुका काढायला दुसरं कोणी उरलं नाही म्हणून ते स्वतःच्याच काढू लागले. "काल मी म्हणालो की तुमची छत्री हिरवी होती, तर ती निळसर हिरवी होती," एवढं सांगायला ते दोन जिने चढून येत. त्यावरून त्यांचं नाव पडलं शुद्धिपत्र. वयामुळे पुढे 'काका' लागलं.

झालं होतं असं, की वाचनालयाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. मोठा कार्यक्रम ठरला. त्यात वाचनालयाच्या वाटचालीवर मुख्य भाषण कोणी करायचं, हे सभासदांच्या मतानं ठरणार होतं. नावं दोन होती. पहिलं डॉक्टरांचं, कारण निम्मं गाव त्यांना घाबरून असे. दुसरं वकीलबाईंचं, कारण उरलेलं निम्मं त्यांना घाबरून असे. दोनच नावं यादीत बरी दिसत नाहीत, म्हणून चिटणिसांनी तिसरं घातलं शुद्धिपत्रकाकांचं. काकांनी "नको, नको" म्हटलं, पण ते नेहमीच्या आवाजात म्हटल्यामुळे कोणालाच ऐकू गेलं नाही.

मतदान फोनवर फॉर्म भरून घ्यायचं ठरलं आणि तो फॉर्म करायचा कोणी, इथे गाडी अडली. तेव्हा काका ते वाक्य बोलले.

आता हे धाडस आलं कुठून? तर काकांना एक खोड होती. वाचनालयातलं जे पुस्तक कोणीच नेत नाही ते बघून त्यांना वाईट वाटे, आणि ते घरी नेत. अशा रीतीनं त्यांनी मधमाश्या, बोटींचे नांगर आणि कानाचे विकार या विषयांवरची पुस्तकं वाचून काढली होती. गेल्या महिन्यात त्यांच्या दयेला पात्र ठरलं होतं जावास्क्रिप्टवरचं एक जाडजूड पुस्तक. तीन वर्षं त्याच्या शेवटच्या पानावर एकही तारीख पडली नव्हती. त्यात नवशिक्यांसाठी एका 'लायब्ररी'ची ओळख करून दिली होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञांचा संग्रह. आपण फक्त योग्य नाव घ्यायचं की काम झालं. काकांना हे फार पटलं. स्वतः काहीही न लिहिता दुसऱ्याच्या लिहिलेल्यावर जगायचं, याला लायब्ररी म्हणतात हे त्यांना चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं. काकू खिडकीशी बसून मटार सोलत होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "जमेल का?" काकांनी "सातव्या प्रकरणापर्यंत आलोय," असं मोघम उत्तर दिलं आणि ते संगणकापुढे बसले.

पुस्तकातला पहिला धडा सोपा होता. चौकटीत माणसानं आपलं नाव लिहायचं, बटण दाबायचं. संगणकानं ते नाव उचलून 'नमस्कार, अमुक' असं म्हणायचं. चौकटीत काय लिहिलंय ते उचलून आणणारी आज्ञा म्हणजे 'व्हॅल'. काकांनी ती आज्ञा सुंदर, एकसारखी मोकळी जागा सोडून लिहिली, चौकटीत नाव टाकलं आणि बटण दाबलं. उत्तर आलं: 'नमस्कार, ' आणि पुढे काही नाही. नाव बदललं, ठळक लिहिलं, सावकाश लिहिलं. संगणक आपला 'नमस्कार' म्हणून स्वल्पविरामाशी गप्प.

तीन दिवस हे चाललं. काकू चहा ठेवताना पडद्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला बघून लोकांचं असंच होतं. नमस्कार म्हणतात आणि पुढे नाव आठवत नाही. त्या यंत्राचा काय दोष?"

चौथ्या दिवशी उलगडा झाला. काकांनी नाव उचलणारी ओळ सगळ्यांत वर लिहिली होती. त्यामुळे पान उघडताक्षणीच, कोणी काही लिहिण्याआधीच, संगणक रिकामी चौकट वाचून मोकळा होत होता. माणूस बोलायच्या आधीच त्याचं ऐकून घ्यायचं, असा तो प्रकार. ती ओळ बटणाच्या पोटात नेऊन ठेवली आणि संगणकानं त्यांना नावानिशी नमस्कार केला. काका इतके हरखले की त्यांनी उठून त्याला परत नमस्कार केला.

या विजयानंतर मतदानाचा फॉर्म म्हणजे हातचा मळ वाटू लागला. नावामागे एक अशी तीन गोल बटणं. एक दाबलं की दुसरं आपोआप सुटतं. यांना रेडिओ बटणं म्हणतात हे वाचून काकांना जुन्या रेडिओची आठवण झाली आणि त्यांचा आत्मविश्वास आणखी वाढला. रेडिओ त्यांनी पुष्कळ वापरला होता. बटणांच्या गटाला एक नाव द्यायचं, 'पाठवा' दाबलं की व्हॅल म्हणायचं, जे मत हाती येईल ते वाचनालयाच्या ई-मेलच्या पेटीत टाकायचं. मतदान गुप्त, म्हणून मतदाराचं नावगाव काही नाही. एका सभासदाला एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर एक नाव.

चाचणी घ्यायला हवी होती. पण चाचणी म्हणजे मत देऊन बघायचं; आणि डॉक्टरांच्या किंवा बाईंच्या नावानं खोटं मत टाकणं काकांच्या मनाला पटेना. खोटं ते खोटंच, मग ते चाचणीचं का असेना. तेव्हा त्यांनी स्वतःचं नाव यादीत सगळ्यांत वर घेतलं, म्हणजे बोट चुकून दुसऱ्याच्या नावावर पडायला नको, आणि तीन वेळा स्वतःलाच मत दिलं. तिन्ही वेळा पेटीत 'शुद्धिपत्रकाका' अशी चिठ्ठी बिनचूक पडली. काकांनी त्या तीन चिठ्ठ्या पुसल्या, फॉर्मचा दुवा सगळ्या सभासदांना धाडला आणि स्वतःचं मत मनापासून वकीलबाईंना दिलं. यादीतलं आपलं नाव पुन्हा खाली न्यायचं मात्र राहून गेलं.

आठवड्यानं मतदान संपलं. काकांनी पेटी उघडली. पहिली चिठ्ठी: शुद्धिपत्रकाका. ही चाचणीतली राहून गेली असणार. दुसरी: शुद्धिपत्रकाका. तिसरी तीच. दहाव्या चिठ्ठीला त्यांचे कान तापले. तिसाव्या चिठ्ठीला त्यांनी उठून दार लावून घेतलं. चौसष्ट सभासदांनी मतं दिली होती आणि चौसष्टच्या चौसष्ट त्यांना पडली होती.

इथे दुसऱ्या कोणाच्या मनात आलं असतं की फॉर्ममध्ये काहीतरी बिनसलंय. कारण काकांचं स्वतःचं मत तरी बाईंना जायला हवं होतं. पण काकांचा आयुष्यभराचा नियम असा, की चूक सापडली की आधी आपल्याकडे बघायचं. संगणक चुकत नाही, माणूस चुकतो, हेही त्यांनी पहिल्याच प्रकरणात वाचलं होतं. तेव्हा त्यांनी जो निष्कर्ष काढला तो असा: मनात बाई होत्या, पण बोटानं दगा दिला. इतकी वर्षं आत दडून बसलेली हाव ऐन वेळी बोटात उतरली, आणि आपण आपल्यालाच मत दिलं.

काका लाजेनं अर्धे झाले. आणि आता खरी पंचाईत पुढे होती. 'चौसष्टपैकी चौसष्ट' असा आकडा फळ्यावर लागला, तर लोक बोटांवर हिशेब करणार: सगळी मतं यांना, म्हणजे यांचंही यांनाच!

ते चिटणिसांकडे गेले आणि म्हणाले, आकडे लावू नका. चिटणिसांनी कारण विचारलं. काका म्हणाले, बरं दिसत नाही. चिटणिसांना हा विनय फार आवडला. त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'मुख्य भाषणासाठी शुद्धिपत्रकाका यांची प्रचंड बहुमताने निवड.'

त्या एका वाक्यानं काय काय केलं बघा. ज्यांनी डॉक्टरांना मत दिलं होतं त्यांना वाटलं, अरेच्या, आपण चारदोनांतच निघालो. बाईंना मत देणाऱ्यांनाही तसंच वाटलं. उगाच काकांच्या मनात अढी नको, म्हणून जो तो वाटेत गाठून सांगू लागला, "मी तुम्हालाच दिलं, बरं का." डॉक्टर रक्तदाब मोजता मोजता म्हणाले, "काका, खरं सांगू? माझं मत तुम्हालाच." वकीलबाई जिन्यात भेटल्या. हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "उभी मी होते हे खरं, पण मत मात्र मी तुमच्याच पारड्यात टाकलं." काकांना वाटलं, काय मोठ्या मनाची माणसं ही. त्यांनी स्वतःचं मत स्वतःला दिलं नाही, आणि आपण?

पण लाज फार दिवस टिकत नाही आणि कौतुक आंबवलेल्या पिठासारखं फुगत जातं. दुसऱ्या आठवड्यात काका ताठ चालू लागले. बसमध्ये त्यांनी एका माणसाला "सरकून बसा" असं सांगितलं, आणि तो सरकला. न्हाव्याकडे गेले तेव्हा त्यांनी आयुष्यात प्रथमच "इतके कमी नकोत" म्हटलं. भाषण चाळीस पानांचं झालं. छत्तीस वर्षं ज्या माणसानं इतरांची वाक्यं सरळ केली त्याचं स्वतःचं वाक्य ऐकायला चौसष्ट माणसं एकमुखानं तयार आहेत, हा विचार ते सकाळी दात घासताना काढून बघत आणि पुन्हा जपून ठेवत.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना ते स्वयंपाकघरात काकूंना भाषण वाचून दाखवत होते. अकराव्या पानावर काकूंनी जांभई दिली. काका दुखावले. इतके दिवस पोटात ठेवलेलं त्यांच्या तोंडून निसटलं.

"तुला कंटाळा येतो. पण लोकांचं तसं नाही. चौसष्टपैकी चौसष्ट मतं पडलीत मला."

"त्रेसष्ट," काकू म्हणाल्या.

"चौसष्ट. मी दोनदा मोजलीत."

"असतील. पण मी वकीलबाईंना दिलं."

चाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी काकांना बरं वाटावं म्हणून एकही खोटं वाक्य उच्चारलं नव्हतं, याची काकांना पूर्ण खात्री होती.

"मला का नाही दिलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाईंचं बोलणं मागच्या रांगेत ऐकू येतं. तुमचं मला शेजारच्या खुर्चीत ऐकू येत नाही."

हे दुःख बाजूला ठेवून काका विचार करू लागले. काकूंचं मत बाईंना, आणि पेटीत निघालं काकांच्या नावानं. आपलंही बाईंनाच, आणि निघालं आपल्याच नावानं. म्हणजे बोटानं दगा दिलाच नव्हता! क्षणभर त्यांना भारी हलकं वाटलं. लगेच पुढचा विचार आला. बोट निर्दोष, तर मग दोषी कोण?

त्यांनी पुस्तक उघडलं. व्हॅलच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक टीप होती. तिचा अर्थ असा: एका गटात अनेक बटणं असतील आणि त्या सगळ्यांना मिळून व्हॅल विचारलं, तर ही आज्ञा फक्त पहिल्याचं मूल्य आणून देते, कोणतं निवडलंय ते बघत नाही. निवडलेलं हवं असेल तर 'निवडलेलं तेवढंच' असं तिला वेगळं बजावावं लागतं.

म्हणजे रांगेतल्या तिघांना मिळून विचारलं होतं, आणि दरवेळी फक्त पहिला बोलला होता. तो पहिला, जन्मात कुठे पहिला न बोललेला, शुद्धिपत्र!

आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट पुढेच होती. त्या टिपेतल्या एका शब्दाची वेलांटी चुकली होती, आणि ती पेन्सिलीनं दुरुस्त केलेली होती. अक्षर काकांचंच होतं. टीप त्यांनी वाचली होती, तपासली होती, शुद्ध केली होती. समजून घेतली नव्हती, इतकंच. मुद्रितशोधकाला समजून घेण्याचा पगार कधी मिळालाच नव्हता.

त्या संध्याकाळी कार्यकारिणीची बैठक होती. काकूही आल्या, "तुमचं ऐकू आलं नाही तर मी सांगेन," म्हणून. काका गप्प राहू शकले असते. आमंत्रणं छापून झाली होती, खरी मतं आता कुठेच शिल्लक नव्हती. पेटीत पोचलं होतं ते एकच नाव. पण छापलेली चूक दिसत असताना पान पुढे सोडणं त्यांना कधी जमलं नव्हतं. ते उभे राहिले, खिशातून कागद काढला आणि वाचला:

"शुद्धिपत्र. मतदानाच्या निकालात जेथे 'शुद्धिपत्रकाका' असे आहे, तेथे चौसष्टही ठिकाणी 'माहीत नाही' असे वाचावे."

मग त्यांनी सगळं सांगितलं: व्हॅल, गोल बटणं, पहिला बोलतो, वेलांटी. डॉक्टरांना एवढंच कळलं की मतं हरवली. सगळ्यांना तेवढंच कळलं. चिटणिसांनी कपाळाचा घाम पुसला आणि त्यांच्या मते सोपा असा उपाय काढला. खोलीत बसलेल्या अकराजणांपैकी ज्यांनी दुसऱ्या कोणाला मत दिलं होतं, त्यांनी हात वर करावा. निदान अंदाज तरी येईल.

आता गंमत बघा. डॉक्टरांनी हात वर करावा, तर रक्तदाब मोजताना बोललेलं खोटं उघडं पडतं. बाईंनी करावा, तर जिन्यातलं पडतं. चिटणिसांनी काकांना फोन करून सांगितलं होतं, कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्यांनी पत्र लिहून कळवलं होतं. जो तो टेबलाच्या लाकडातल्या रेषा बघू लागला. डॉक्टरांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

शेवटी मागच्या रांगेतून एक हात वर गेला. काकूंचा.

"बाईंना," त्या म्हणाल्या.

त्यापाठोपाठ पुढे आणखी एक हात अर्धवट वर झाला. तो काकांचा होता. "मीही," ते पुटपुटले.

चिटणिसांनी इतिवृत्तात नोंद केली: शुद्धिपत्रकाकांच्या बाजूनं नऊ, विरोधात दोन. विरोधातली दोन्ही मतं एकाच घरातली. निवड कायम.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. काकांनी चाळीसपैकी सव्वीस पानं वाचली. बाकीची चौदा खुर्चीवर राहिली होती आणि त्यांच्यावर चिटणीस बसले होते. ध्वनिक्षेपक काकांनी तोंडाशी धरला, मग हनुवटीशी, मग बराच वेळ छातीशी. पण कोणी न नेलेल्या पुस्तकांबद्दल ते बोलले तेव्हा लोक गप्प झाले होते, असं त्यांना वाटलं. अर्थात खाली बघून वाचत असल्यामुळे नक्की सांगता येत नव्हतं. टाळ्या झाल्या. येता जाता लोक म्हणाले, "छान झालं." पण या माणसांच्या तोंडी कौतुकाची किंमत काकांना आता कळली होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा फॉर्म केला. प्रश्न एकच: भाषण कसं झालं? पर्याय तीन. या खेपेला व्हॅलला 'निवडलेलं तेवढंच' असं बजावलं होतं. शिवाय खबरदारी म्हणून 'लांबलं' हा पर्याय सगळ्यांत वर ठेवला. फॉर्म पुन्हा बिघडलाच, तर नुकसान आपलंच होईल. मग 'बरं', मग 'उत्तम'. आणि चाचणी घेताना तिन्ही बटणं दाबून पाहिली.

दोन दिवसांनी त्यांनी पेटी उघडली. एकेचाळीस चिठ्ठ्या. उत्तम, उत्तम, बरं, उत्तम. काकांनी टिपणं घेत मोजलं: एकोणतीस उत्तम, अकरा बरं. आणि एक लांबलं.

ती एक चिठ्ठी बघून काकांना जो आनंद झाला तो एकोणतीस उत्तमांनीही झाला नव्हता. वेगवेगळी मतं वेगवेगळी पोचली होती. फॉर्म बरोबर होता, म्हणजे ते एकोणतीसही खरे होते. ते तसेच स्वयंपाकघरात गेले.

"पोचलं बरं का तुझं मत," ते म्हणाले, आणि हे वाक्य मागच्या रांगेतही ऐकू गेलं असतं. "एकच लांबलं आहे. बाकी सगळं चांगलं."

काकूंनी हात पुसले आणि चष्मा शोधला.

"कसलं मत? मी अजून तो फॉर्म उघडलाच नाही," त्या म्हणाल्या. "द्या इकडे फोन."

काकांनी फोन दिला. काकूंनी सावकाश एक गोल दाबला, मग 'पाठवा' दाबलं. काका संगणकापाशी परत गेले आणि पेटी पुन्हा उघडली.

फॉर्म अगदी निर्दोष चालत होता. 'लांबलं' आता दोन झाले होते.